घराचा पाया आणि पावसाचे पाणी

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की आपल्या जोयडा तालुक्यात घरोघरी डागडुजीची लगबग सुरू होते. चार महिने ओलीने काळवंडलेल्या भिंती खरवडल्या जातात, फुटकी कौले बदलली जातात, आणि भिंतीला कोठे भेग दिसली की गवंड्याला बोलावून ती सिमेंटने बुजवून घेतली जाते. वरून रंगाचा हात फिरला की घर पुन्हा नवे दिसू लागते. पुढच्या ऑगस्टात तीच भेग त्याच जागी पुन्हा डोके वर काढते, आणि या खेपेस ती वीतभर अधिक लांब असते. मग घरधनी गवंड्याला दोष देतो आणि गवंडी सिमेंटला. त्या भेगेखाली जमिनीत काय चालले आहे, हे मात्र दोघांपैकी एकानेही बाहेर जाऊन पाहिलेले नसते.

आपल्यापैकी बहुतेकांनी घर आयुष्यात एकदाच बांधलेले असते, किंवा ते वडिलांकडून मिळालेले असते. त्यात सारी पुंजी गुंतलेली असते. म्हणून घराच्या पायाविषयी चार उपयोगी गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे ठेवाव्यात, असे वाटले. सांगायचे मुख्य सूत्र एकच आहे. भेग बुजवण्याआधी पाणी शोधावे. आपल्या प्रदेशात पाया बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने. आणि पाण्याची वाट बदलण्याचे काम सिमेंट भरण्याच्या कामापेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

हा प्रश्न आज आपल्याला विशेष जवळचा का, तेही सांगितले पाहिजे. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पुरे झाले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, आणि कितीतरी कुटुंबांनी रामनगर व इतर ठिकाणी नव्याने घरे उभारली. ती घरे आता चाळिशीच्या आसपास आली आहेत. बापजाद्यांच्या गावात कोणत्या बाजूने ओहोळ येतो, कोणती जागा पावसाळ्यात पाझरते, हे घरातील म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असे. त्या जागी कोणी घर बांधीतच नसे. नव्या जागेत हे ज्ञान मिळाले नाही. मिळाला तो नकाशावरचा चौकोन.

त्यात आपली जमीन उताराची. उतारावर घर बांधायचे म्हणजे डोंगराकडची बाजू खोदावयाची आणि तीच माती दरीकडच्या बाजूस टाकून जागा सपाट करावयाची. अशा सपाटीवर बांधलेले घर अर्धे घट्ट जमिनीवर आणि अर्धे भरावावर बसते. भराव दिसावयास कितीही घट्ट दिसला, तरी तो थर देऊन, पाणी मारून, ठोकून बसविलेला नसेल तर पुढे कित्येक वर्षे दबत राहतो. सगळे घर सारखे दबले तर फारसे बिघडत नाही. एक बाजू दबली आणि दुसरी जागेवर राहिली, की भिंत फाटते. तेव्हा आपल्या घराची कोणती बाजू खोदलेल्या जमिनीवर आहे आणि कोणती भरावावर, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावे. माहीत नसेल तर घर बांधताना हजर असलेल्या वृद्धांना ते हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे.

आपल्या घरांचा मुख्य दगड जांभा, म्हणजेच चिरा. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने १८००-०१ साली म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांतून प्रवास केला. त्याचे प्रवासवर्णन १८०७ साली छापले गेले आणि त्यातच या दगडाला लॅटराइट हे नाव प्रथम मिळाले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. जमिनीत असताना कुऱ्हाडीने तासता येण्याइतका मऊ असलेला हा दगड बाहेर हवेत राहिला की कठीण होतो, याचे त्याला नवल वाटले होते. आपल्या खाणकामगारांना ते पूर्वीपासूनच ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी!

पण चिरा म्हणजे सगळा एकजात नव्हे. चांगला चिरा गडद तांबडा, जड आणि ठोकल्यावर खणखणीत वाजणारा. ज्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीचे खिसे अधिक, तो हलका. असा हलका चिरा भिंतीत वर चालून जातो. जोत्यात, सततच्या ओलीत, त्याचे खिसे धुऊन जातात आणि दगड मधाच्या पोळ्यासारखा पोकळ होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जांभ्याच्या कठीण थराखाली पुष्कळदा पांढुरकी, हाताला साबणासारखी लागणारी माती असते. दक्षिण कन्नडकडे तिला शेडी माती म्हणतात. कोरडी असताना ती इतकी घट्ट असते की कुदळ बसत नाही, आणि पाणी मुरले की तिचा जोर एकाएकी ओसरतो. वरच्या कठीण थरावर पाया आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने तो थर किती जाड आहे हेही पाहावे. घरामागची दरड कापताना खाली ही माती उघडी पडली असेल, तर तिथे पावसाचे पाणी थेट लागू देऊ नये.

घाटाखालच्या किंवा पूर्वेकडच्या नातेवाइकांचे सल्ले ऐकतानाही थोडे तारतम्य पाहिजे. हल्याळच्या पलीकडे, धारवाडच्या बाजूस काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिथे घराचे दुखणे निराळे आणि औषधही निराळे. तिकडे लागू पडलेला उपाय आपल्याकडे तसाच उचलू नये.

आता पाण्याकडे वळू. सर्वांत मोठा वाटा छपराचा. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा छपराच्या एका पाखीवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच हजार लिटर पाणी एका बाजूच्या पागोळ्यांतून खाली येते. आठवीतला मुलगाही हा गुणाकार करील. कॅसलरॉक-अणशीच्या बाजूस जुलैत असे दिवस अपूर्वाईचे नसतात. एवढे पाणी जोत्याच्या पायथ्याशी एका रेषेत पडते, तिथे चर पडतो, चरात पाणी साठते आणि साठलेले पाणी सरळ पायात उतरते.

जुन्या लोकांनी यावर तोड काढली होती. छपराची वळचण भिंतीपासून हात-दीड हात बाहेर असे, त्यामुळे पागोळ्या जोत्यापासून दूर पडत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि ती कौले पुढे सगळ्या किनाऱ्यावर व घाटावर पसरली, तरी वळचण तशीच राहिली. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला तट्ट्या किंवा झापे बांधीत. आता स्लॅब आली. तिचा छज्जा कसाबसा फूटभर, आणि स्लॅबचे पाणी एकाच नळातून धारेने भिंतीच्या कोपऱ्यात पडते. ज्याने कोणी कोपऱ्यात नळ सोडण्याची ही पद्धत पाडली, त्याने पायाच्या दुरुस्तीचा धंदा कायमचा चालू करून ठेवला, असे कधीकधी वाटते.

दुसरा वाटा घरातल्या पाण्याचा, आणि हे पाणी बारा महिने चालते. न्हाणीचे पाणी भिंतीलगतच्या केळीच्या आळ्यात सोडण्याची आपली चाल आहे. केळी छान येतात, शंकाच नाही. पण ते आळे म्हणजे पायाशेजारी केलेले तळेच होय. ओळखीच्या एका घरी स्वयंपाकघराचा कोपरा तीन वर्षांत तीनदा बुजवण्यात आला. चौथ्या वर्षी बाहेर जाऊन पाहिले, तर न्हाणीतून केळीकडे जाणारा नळ जोत्यापाशीच सांध्यात निखळला होता. वरून जमीन कोरडी ठणठणीत. पण पहार नुसती हाताने दाबली तर हातभर आत गेली. नळ बदलला, केळी पंधरा फूट लांब नेल्या, आणि भेगेला मुद्दाम वर्षभर हात लावला नाही. ती वाढत नाही अशी खात्री पटल्यावर बुजवली. त्यानंतर ती उघडलेली नाही. नळाला आलेला खर्च आधीच्या तीन दुरुस्त्यांपुढे किरकोळ होता. त्या घरच्या आजींची तक्रार मात्र अजून आहे: “मास्तर, केळीचे घड पूर्वीसारखे भरत नाहीत हो!”

शौचकूपाचा शोषखड्डाही असाच. जागेच्या अडचणीने तो भिंतीला टेकवून खणला जातो. जागा असेल तर तो दहा-बारा फूट तरी दूर आणि घराच्या उताराच्या खालच्या अंगास असावा. विहिरीपासून तर त्याहून पुष्कळ लांब.

तेव्हा पायाची पहिली तपासणी उन्हाळ्यात करावयाची नसून जून-जुलैच्या मुसळधार पावसात करावयाची. छत्री घ्यावी आणि घराभोवती सावकाश एक फेरी मारावी. पागोळ्या कोठे पडतात, पाणी कोणत्या बाजूस धावते, कोठे तुंबते, डोंगराकडून आलेले पाणी घराला वळसा घालून जाते की भिंतीवर येऊन थडकते, हे सारे पाहून कागदावर घराचा चौकोन काढून त्यावर बाण करावेत. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा एक फेरी. जिथे अजून पाणी उभे आहे, तिथे खूण करावी. हे काम घरातल्या शाळकरी मुलांवर सोपवले तरी चालते. ती मोठ्यांपेक्षा अधिक काळजीने करतात.

मग भेगांकडे पाहावे. प्रत्येक भेग पायाची नसते, हे आधी लक्षात घ्यावे. नाहीतर विनाकारण झोप उडते. गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा गिलावा लवकर वाळल्याच्या असतात. स्लॅबच्या लगत खाली, भिंतीला आडवी गेलेली भेग बहुधा उन्हाने स्लॅब ताणल्याची व आकसल्याची असते. जुन्या घराला नवी खोली जोडली असेल, तर सांध्यावर उभी भेग पडणारच. जुना पाया केव्हाच बसलेला असतो, नवा अजून बसतो आहे. ती सिमेंटने घट्ट जोडण्याचा हट्ट धरू नये. सांधा सांधा म्हणूनच राहू द्यावा, आणि वरून पाणी शिरणार नाही एवढे पाहावे.

पायाची भेग तिरपी असते. चिऱ्यांच्या सांध्यांतून ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते, खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून निघते, आणि आतून व बाहेरून दोन्हीकडे एकाच जागी दिसते. ती वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर भिंतीचे टोक, म्हणजे घराचा कोपरा, खाली गेला आहे असे समजावे. खाली रुंद आणि वर अरुंद असेल, तर भिंतीचा मधला भाग दबला आहे. एवढ्यावरून बाहेर कोठे खणून पाहावयाचे ते ठरते.

रुंदी कंपासपेटीतल्या पट्टीने मोजावी. इंग्लंडातील बांधकाम संशोधन संस्थेने भेगांची जी प्रतवारी केली आहे, ती आपल्यालाही उपयोगी पडते. एक मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात झाकता येते. पाच मिलिमीटरपर्यंतची बुजवता येते, दारे-खिडक्या थोड्या अडकू लागतात. पाच ते पंधरा मिलिमीटरच्या भेगेला गवंडीकाम उकलून करावे लागते. पंधराच्या पुढे भिंतीचा भाग उतरवून पुन्हा बांधण्याची पाळी येते, आणि पंचवीसच्या वर गेली तर घर सोडून इंजिनिअरला बोलवावे. मात्र रुंदीपेक्षाही अधिक महत्त्वाचे ते ती वाढते आहे की थांबली आहे हे. भेगेच्या दोन्ही अंगांना गिलाव्यावर पेन्सिलीने एकेक बारीक फुली करावी, दोन फुल्यांमधले अंतर मोजावे, आणि शेजारी तारीख लिहावी. दर महिन्याच्या एक तारखेला तेच अंतर मोजून वहीत नोंदवावे. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटवून ठेवण्याचीही रीत आहे. भेग हलली की काच तडकते. पण काच तडकली एवढेच कळते, किती हलली ते कळत नाही, म्हणून फुल्या बऱ्या. पावसाळा आणि उन्हाळा मिळून एक पूर्ण वर्ष मोजल्याशिवाय मोठ्या खर्चात पडू नये. वीस वर्षांपूर्वी थांबलेल्या भेगेसाठी आज पाया खणणारे लोक आहेत!

दारे अडकण्याविषयी एक सूचना. जुलैत लाकूड फुगते, तेव्हा दार अडकले तर काळजी नाही. मार्चात, लाकूड कोरडे असताना अडकले, तर चौकट वाकडी झाली असेल. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत सुतळी ताणून दोन्ही कर्ण मोजावेत. आयताचे कर्ण सारखे असतात, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. त्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. जोत्याची पातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी पाणसळ घेतात, तीच घ्यावी. चारही कोपऱ्यांवर खुणा करून ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खुणांशी ताडून पाहावे. पहिल्या वेळी अर्धा इंच फरक निघाला तर घाबरू नये. तो मूळ गवंड्याचाही असू शकतो.

याउपर संशय राहिला, तर फेब्रुवारी-मार्चात चाचणी खड्डा घ्यावा. बिघडलेल्या कोपऱ्याशी, दोन-अडीच फूट रुंदीचा, एकच. पायाचा तळ दिसला की थांबावे. त्याच्या खाली एक इंचही जाऊ नये. पायात कोणता दगड आहे, मसाला चुन्याचा आहे की मातीचा, बोटाने उकरला जातो का, आणि तळाखालची माती ओली आहे का, हे पाहावे. मग चांगल्या स्थितीतल्या कोपऱ्याशी तसाच खड्डा घेऊन दोहोंची तुलना करावी. एकट्या खड्ड्यावरून फारसे कळत नाही. पाहून झाल्यावर माती थराथराने ठोकून त्याच दिवशी भरावी. भिंतीच्या लांबीभर चर खणून पाया उघडा टाकणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पाया दोन्ही बाजूंच्या मातीच्या आधाराने उभा असतो.

जोत्याला पोट सुटले आहे का, हेही ओळंबा धरून पाहावे. गोट्यांनी बांधलेल्या जुन्या जोत्यात बाहेरची आणि आतली अशी दगडांची दोन अंगे असतात, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड घातले नसतील, तर आतला भराव ओलावून फुगल्यावर बाहेरचे अंग सुटून पुढे येते. भिंत जाड आहे म्हणजे ती भक्कम आहे, ही आपली समजूत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने किती महागात पाडली, ते सर्वश्रुत आहे. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती होत्या. त्यांची दोन अंगे एकमेकांपासून सुटली आणि वरच्या जड माळवदासह झोपलेल्या माणसांवर आली. पुढे तिकडे उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीचे काम झाले, त्यात भिंतीला भोक पाडून, लोखंडी सळई घालून काँक्रीटचा आरपार बांधा भरण्याची युक्ती वापरली गेली. पोट थोडे सुटलेल्या जोत्याला ती आपल्याकडेही करता येते. पोट फार सुटले असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधणे हेच बरे.

वाळवी आणि घूस या दोन शत्रूंचा उल्लेख थोडक्यात करतो. जोत्यावर मातीच्या नळ्या चढताना दिसल्या की वाळवी आत शिरली. नळी मोडून दोन दिवसांनी पाहावे, पुन्हा बांधली असेल तर वस्ती जिवंत आहे. जळाऊ लाकडे भिंतीला टेकवून रचण्याची सवय सोडावी. औषध मारावयाचे तर जाणकाराकडून. आल्ड्रिन, क्लोरडेन ही जुनी औषधे देशात बंद झाली आहेत, जुन्या डब्यात उरली असतील तरी वापरू नयेत. घूस जोत्याखालची माती उपसून पोकळी करते, आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढते. बिळाच्या तोंडाशी नुसती माती लोटून उपयोग नाही. आत दगड आणि काँक्रीट भरावे.

दुरुस्तीचा क्रम असा असावा. प्रथम छपराचे पाणी: पन्हाळ लावून किंवा नळ लांबवून ते जोत्यापासून निदान पाच-सहा फुटांवर सोडावे. मग डोंगराकडच्या बाजूस, भिंतीपासून अंतर ठेवून, वरचे पाणी अडवून बाजूला नेणारे गटार. त्यानंतर घराभोवती तीन फूट रुंदीची फरसबंदी. तिला बाहेरच्या अंगास दोन इंच उतार हवा, आणि ती जोत्याला लागते तेथील सांधा घट्ट बंद केलेला हवा. उतार उलटा झाला तर फरसबंदी नसलेली बरी. एवढे करून एक पावसाळा जाऊ द्यावा. पुष्कळ घरांचे दुखणे इथेच थांबते.

भेग भरताना मसाला भिंतीच्या जातीचा असावा. माती-चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला कडक सिमेंटचा गिलावा देऊ नये. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढते, आणि दोन वर्षांत गिलावा पापुद्रे धरून पडतो. चुना महाग पडला आणि चुन्याचा गवंडी शोधावा लागला, तरी अशा भिंतीला चुनाच योग्य. सिमेंटचे पाणी दाबाने पायात भरण्याचा सल्लाही हल्ली दिला जातो. त्याबाबत पिसाच्या कलत्या मनोऱ्याची गोष्ट लक्षात ठेवावी. १९३४ साली त्याच्या पायात शेकडो भोके पाडून सिमेंट भरले, तर मनोरा सावरण्याऐवजी आणखी कलला. १९९९ ते २००१ या काळात इंजिनिअरांनी उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून घेतली, तेव्हा तो सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आला.

जुन्या पायाखाली नवा पाया घालण्याची वेळ क्वचितच येते. आली, तर इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय कुदळ लावू नये. आपल्या हल्याळला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील स्थापत्य विभागात चौकशी केल्यास योग्य माणूस मिळू शकेल. हे काम तुकड्यातुकड्यांनी करतात: तीन-चार फुटांचा एक तुकडा खणावयाचा, काँक्रीट भरावयाचे, ते कठीण झाल्यावर जुन्या पायाखालची फट कोरडा मसाला ठोकून भरावयाची, आणि मगच दुसरा तुकडा, तोही शेजारचा नव्हे, लांबचा. शेजारशेजारचे दोन तुकडे एकाच वेळी उघडले की भिंत खाली येते, आणि काम करणारा मजूर तिच्याखाली असतो. इंग्लंडात विंचेस्टरचे जुने प्रार्थनामंदिर विसाव्या शतकाच्या आरंभी खचू लागले, तेव्हा पायाखाली भुसभुशीत माती आणि पाणी लागले. पाणी उपसावे तर माती वाहून जाऊन इमारतच बसण्याचे भय. शेवटी विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने १९०६ पासून १९११ पर्यंत, गढूळ पाण्यातल्या अंधारात चाचपडत, माती काढून तिच्या जागी काँक्रीटची पोती रचली. तळ असा बंद झाल्यावर मग पाणी उपसून गवंड्यांनी वरचे काम केले. एका माणसाने, एका वेळी एक खड्डा. घाई त्या कामाला ठाऊकच नव्हती.

एक बाब मात्र अशी आहे की तिथे मोजमाप, वही, एक वर्ष थांबणे हे काहीही लागू नाही. घराच्या वरच्या उतारावर जमिनीलाच भेग पडली, झाडे किंवा खांब कलले, जिथे कधी झरा नव्हता तिथे गढूळ पाणी फुटले, किंवा एका रात्रीत दारे अडकली, तर दुखणे घराच्या पायाचे नाही, डोंगराचे आहे. तेव्हा मुले, म्हातारी माणसे आणि गुरे घेऊन तत्काळ बाहेर पडावे, आणि उताराच्या रेषेतून बाजूला जावे. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरडीखाली गेले, दीडशेच्या वर माणसे दगावली. आपल्याच जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातील शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी महामार्गावर डोंगर उतरला. दोन्ही वेळा पाऊस सतत पडत होता. सामानसुमान आवरण्यासाठी परत आत जाऊ नये. तलाठी कार्यालयाला कळवून पंचनामा मागावा. भेगांची तारीखवार वही आणि छायाचित्रे असतील तर त्या वेळी फार उपयोगी पडतात.

शेवटी गवंड्याशी बोलणी करताना दोन अटी घालाव्यात. पायाचा कोणताही खड्डा घरच्या माणसाला दाखविल्याखेरीज बुजवायचा नाही. आणि मजुरीचा एक हिस्सा पहिला पावसाळा गेल्यावर द्यावयाचा. चांगला कारागीर या दोन्ही अटींना हरकत घेत नाही. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस, आणि उन्हाळ्याच्या ऐन भरात दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. मेच्या पंधरवड्यानंतर नवी खोदाई काढू नये. वळवाच्या एका सरीत उघडा खड्डा भरतो, आणि तो उपसून पुन्हा काम सुरू करीपर्यंत मृग लागलेला असतो.